स्विंगच्या जमान्यातले ड्रमर: चिक वेब, जीन क्रूपा, जो जोन्स, सिड कॅटलेट

लयवेडा

गेले दोन महिने रात्रीची जेवणं आटोपली की माझा एकच उद्योग चालू आहे. १९३५ ते १९४५ च्या आसपासची अमेरिकन बिग बँडची, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदांची, ध्वनिमुद्रणं लावायची आणि ट्रम्पेट, क्लॅरिनेट, गायिका अशा सगळ्यांना बाजूला सारून फक्त मागे बसलेल्या ड्रमरकडे कान द्यायचा. हे संगीत मी वीस वर्षं ऐकतोय. पाय आपोआप ठेका धरायचे, पण कशामुळे धरतात हे कधी शोधलं नव्हतं. आता शोधतोय, आणि जे सापडतंय ते एकट्याजवळ ठेववेना म्हणून हा धागा.

माझ्या लेखी पहिला मान चिक वेबचा. मूळचा बाल्टिमोरचा. लहान वयात मणक्याला क्षय झाला, पाठीला कुबड आलं, उंची चार फुटांच्या जवळपास खुंटली. पेपर टाकून पैसे साठवले आणि ड्रम घेतले. पुढे न्यूयॉर्कला आला आणि तिसाच्या दशकात हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या सॅव्हॉय बॉलरूम या नाचघराचा राजा झाला. स्टेजच्या मधोमध चौथऱ्यावर त्याचा संच मांडलेला असे. पाय पोचावेत म्हणून पेडल खास करून घेतलेलं, झांजा हंसाच्या मानेसारख्या वळलेल्या दांड्यांवर टांगलेल्या, बास ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ढोल, चांगला २८ इंचांचा. त्याला नोटेशन वाचता येत नसे. सबंध बँडची रचना तोंडपाठ असे, आणि कोणी कधी आत शिरायचं हे तो ड्रमवरूनच सांगे.

११ मे १९३७ च्या रात्री क्लॅरिनेटवाल्या बेनी गुडमनचा बँड सॅव्हॉयमध्ये वेबशी सामना करायला आला. गुडमन तेव्हा देशभर गाजत होता आणि त्याच्याकडे ड्रमवर जीन क्रूपा होता, ज्याचे फोटो मासिकांतून झळकत. आत चार हजार माणसं, बाहेर त्याहून जास्त. सामना वेबने जिंकला. क्रूपाने उठून, वाकून त्याला नमस्कार केला आणि त्या रात्री वेबने आपल्याला हरवलं हे पुढे जन्मभर मोकळेपणाने सांगितलं.

त्याच वर्षीचं वेबच्या बँडचं 'हार्लेम काँगो' ऐका. शेवटाकडे वेबला मोकळं सोडतात तो तुकडा मी किमान पन्नास वेळा ऐकला असेन. प्रत्येक फटका सुटा, मोजून मारलेला, आणि तरी पळणारा. घाई कुठेच नाही.

दुसरा जो जोन्स. काउंट बेसीच्या बँडमध्ये पियानोवर स्वतः बेसी, गिटारवर फ्रेडी ग्रीन, बासवर (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) वॉल्टर पेज आणि ड्रमवर हा. १९३७ चं 'वन ओ'क्लॉक जंप' लावा. सुरुवातीला पुढे फक्त पियानो आहे आणि मागे हे तिघं. त्यात ड्रम असा दिसतच नाही. वाऱ्याने पडदा हलावा तसं काहीतरी सतत हलत असतं.

क्रूपाबद्दल मात्र माझं मन साशंक आहे. केस विस्कटलेले, घामाने निथळलेला, टॉम-टॉमवर, म्हणजे संचातल्या मधल्या ढोलांवर, धडाधड. मला त्यात संगीतापेक्षा देखावा जास्त वाटतो. तुमचं काय मत? आणि माझ्याकडून कोण सुटलं तेही सांगा.

---

पारिजात

धागा आवडला, पण मी अगदीच नवखी आहे. ड्रम म्हणजे मला आजवर गणपतीतल्या ऑर्केस्ट्रातला दणदणाट एवढंच माहीत. तुम्ही म्हणता तसं 'वन ओ'क्लॉक जंप' लावलं. पियानो ऐकू आला, पुढे सॅक्सोफोन ऐकू आले, ड्रम काही सापडला नाही. नेमकं कुठे ऐकायचं?

---

चौथीमात्रा

पारिजात, तुम्हाला सापडला नाही यातच जो जोन्सची थोरवी आहे. तरी धरायचा कसा ते सांगतो. मी बत्तीस वर्षं मुंबईत ड्रम वाजवतोय. लग्नं, क्लब, स्टेजवरचे वाद्यवृंद, सगळीकडे.

चार मात्रा मोजा. केरव्यासारख्या सरळ. आता प्रत्येक मात्रेच्या पोटात तीन भाग आहेत असं समजा, दादऱ्यासारखे. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला पहिल्या भागावर एक ठोका आणि तिसऱ्या भागावर एक हलका ठोका. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला एकच. म्हणजे बोल होतो: टिंग, टिंग-टि, टिंग, टिंग-टि. चारांच्या अंगावर तिनाची झुलती चाल, हाच तो स्विंग. (लय फार द्रुत झाली की तीनचा हिशेब सपाट होत जातो, पण सुरुवातीला असंच मोजा.)

हा बोल जोन्स हाय-हॅटवर वाजवतो. हाय-हॅट म्हणजे एकाच दांडीवर तोंडाला तोंड लावून बसवलेल्या दोन झांजा, डाव्या पायाने उघडायच्या-मिटायच्या. त्याच्या आधी बहुतेक ड्रमर लय स्नेअरवर (समोरचा खरखरत्या आवाजाचा उथळ ड्रम) आणि बास ड्रमवर धरत. जोन्सने ती उचलून हाय-हॅटवर नेली, आणि झांजा पूर्ण मिटल्याही नाहीत, पूर्ण उघडल्याही नाहीत, अशा अर्ध्या ठेवल्या. त्यामुळे ठोके सुटे पडत नाहीत, एकातून दुसरा निघतो. तुम्हाला ऐकायचंय ते 'श्श्श'सारखं काहीतरी. हेडफोन लावा, डोळे मिटा, पियानोच्या वरच्या पट्टीत शोधा.

आणि उजवा पाय. तो बास ड्रमवर चारही मात्रा वाजवत असतो, पण इतका हळू की ऐकूच येऊ नये. माझे सर गोव्याचे, चर्चमध्ये व्हायोलिन शिकून मुंबईला आलेले. पहिले सहा महिने त्यांनी मला काठ्यांना हातच लावू दिला नाही. फक्त पाय. मी बाहेरच्या खोलीत वाजवायचो आणि ते आत स्वयंपाकघरात चहा करत बसायचे. ऐकू आलं की आतून ओरडायचे, "आयकूं येता!" मग पुन्हा पहिल्यापासून. मग एक दिवस त्यांच्याकडे एक बासवाले पाहुणे आले होते, त्यांच्याबरोबर मला बसवलं. पाच मिनिटांनी सर म्हणाले, आता पाय थांबव. मी थांबवला, आणि समोरचा बास एकदम पोकळ, उघडा पडल्यासारखा वाटू लागला. तोपर्यंत मी काय वाजवतोय हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

---

अनवट

चौथीमात्रा, काय सुंदर लिहिलंत. पुन्हा पुन्हा वाचलं.

लयवेडा, वेब आणि जोन्सबद्दल एक अक्षरही खोडणार नाही. क्रूपाबद्दल मात्र तुमच्याशी भांडणार आहे.

तुम्ही आज जगात कुठेही ड्रमचा संच पाहता, पारिजात म्हणतात त्या गणपतीच्या मांडवातसुद्धा, त्याचा साचा क्रूपाचा आहे: एक बास ड्रम, एक स्नेअर, वर बसवलेला एक टॉम, जमिनीवर उभा एक टॉम. आधीच्या टॉम-टॉमला खालच्या बाजूला चामडं खिळ्यांनी ठोकलेलं असे, ते सुरात लावता येत नसे. दोन्ही तोंडं लावता येतील असे टॉम क्रूपाने स्लिंगरलँड कंपनीकडून करून घेतले. आपल्याकडे तबला सुरात नसेल तर वाजवणारा हातोडी हातात घेतल्याशिवाय बसतो का? ड्रमही सुरात असला पाहिजे हा हट्ट त्याने धरला.

आणि तो शिकला कोणाकडून? शिकागोच्या साउथ साइडला न्यू ऑर्लिन्सहून आलेले काळे वादक वाजवत, बेबी डॉड्स, झटी सिंगलटन. हा गोरा पोरगा त्यांच्यासमोर बसून ऐकायचा, आणि आपण जे वाजवतो ते त्यांचं आहे हे त्याने कधी लपवलं नाही. पुढे स्वतःचा बँड काढल्यावर १९४१ साली त्याने रॉय एल्ड्रिज या काळ्या ट्रम्पेटवाद्याला घेतलं, वेगळा पाहुणा म्हणून नव्हे तर बँडच्या रांगेत बसवून. एका गावात खाणावळवाल्याने एल्ड्रिजला वाढायला नकार दिला तेव्हा क्रूपा त्याच्या अंगावर धावून गेला आणि पोलिसांनी पकडला. हा माणूस नुसता देखावा करणारा नव्हता.

क्रूपा ज्यात टॉम-टॉम बडवतो त्या गुडमनच्या 'सिंग, सिंग, सिंग'वर तुमचा राग असेल तर १६ जानेवारी १९३८ च्या कार्नेगी हॉलमधल्या कार्यक्रमातलं ऐका, पण धडधडीसाठी नको. शेवटाकडे पियानोवाल्या जेस स्टेसीला अचानक वाट मिळते आणि तो एकदम शांत, जवळजवळ प्रार्थनेसारखं काहीतरी वाजवू लागतो. त्या क्षणी क्रूपा काय करतो ते ऐका. दहा मिनिटं हॉल दणाणून सोडलेला माणूस आवाज इतका खाली आणतो की पियानोचा प्रत्येक सूर उभा राहतो.

---

जुनी तबकडी

चर्चा उत्तम चालली आहे. माझ्याकडे ७८ गतीच्या तबकड्यांचा थोडा संग्रह आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. लयवेडा, आपण जे ऐकतो ते वेबचं अर्धंच आहे.

१९२५ च्या आधी भोंग्यासमोर वाजवून तबकडी कापत. बास ड्रमचा धक्का बसला तर सुई खाचेतून उडे. म्हणून ड्रमरला स्टुडिओत बास ड्रम वाजवू देत नसत. बिचारे लाकडी ठोकळ्यावर आणि झांजेच्या कडेवर टकटक करत बसत. आपण जुनी मुद्रणं ऐकून त्या काळचे ड्रमर तसेच वाजवत असं समजतो, ते साफ चूक आहे. विजेचे मायक्रोफोन आल्यावरही ड्रमची धास्ती गेली नाही, ड्रमरला दूर कोपऱ्यात बसवत. १९२७ साली शिकागोच्या एका मुद्रणात पूर्ण संच, बास ड्रमसकट, वाजवला गेला. वाजवणारा होता अठरा वर्षांचा जीन क्रूपा.

त्यामुळे सॅव्हॉयमध्ये उभे राहून ज्यांनी वेबला ऐकलं त्यांच्या आठवणींतला वेब आणि तबकडीवरचा वेब यांत फार अंतर आहे. मला याची खरोखर हळहळ वाटते. १६ जून १९३९ ला तो गेला, वय अवघं चौतीस. आणखी दहा वर्षं मिळती तर चांगल्या यंत्रांवर त्याचा आवाज राहिला असता.

चौथीमात्रांच्या सरांबद्दल वाचून आमच्या मुंबईचा धागा जोडावासा वाटतो. १९३५ साली लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. मागोमाग ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ, पियानोवाला टेडी वेदरफर्ड. वेदरफर्ड तर परत गेलाच नाही, १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. म्हणजे हार्लेममध्ये वेब वाजवत होता त्याच वर्षांत त्याच संगीताचे वादक अपोलो बंदरावर होते, आणि त्यांच्या शेजारी बसून गोव्याची मुलं शिकत होती. त्यांतलाच अंतोनियो झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, जो पुढे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपल्या अण्णांबरोबर काम करू लागला. 'अलबेला'मध्ये तो बँड घेऊन पडद्यावर दिसतोसुद्धा. अण्णांच्या गाण्यांतला तो झोका कुठून आला हे ज्यांना ऐकायचंय त्यांनी आधी बेसी ऐकावा, मग अण्णा.

---

चौथीमात्रा

तबकडी, अगदी बरोबर. सर अशाच एका क्लबच्या बँडमध्ये तयार झाले होते.

त्या काळी ड्रमला वासराचं चामडं असे, प्लास्टिकचं १९५७ च्या सुमारास आलं. पावसाळ्यात मुंबईत ते चामडं ओल्या पापडासारखं होतं. सर वाजवायच्या आधी शेगडीसमोर ड्रम फिरवत बसायचे, हाताच्या पंजाने चामड्यावरून गोल गोल चाचपत, कुठे सैल आहे ते बघत. आणि सांगायचे की अमेरिकेत तर बास ड्रमच्या पोटात विजेचा दिवा लावतात. मला ती थाप वाटायची. पुढे जुने फोटो पाहिले तेव्हा कळलं, खरंच लावत. चामडं कोरडं राही आणि पुढच्या बाजूला रंगवलेलं चित्रही उजळे.

---

हडसनकाठ

मी न्यूयॉर्कमध्ये राहतो. हा धागा वाचून शनिवारी हार्लेमला जाऊन आलो. लेनॉक्स ॲव्हेन्यू, १४० आणि १४१ व्या रस्त्यांच्या मधली जागा. सॅव्हॉय १९५८ मध्ये बंद झालं, आता तिथे उंच इमारतींची वसाहत आहे आणि फक्त एक स्मृतिफलक. सॅव्हॉय या रस्त्यापासून त्या रस्त्यापर्यंत पसरलं होतं. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. एवढी लांब नाचाची जमीन, आणि नाचणारे रोज इतके की लाकूड झिजून पुन्हा पुन्हा बदलावं लागे.

आत शेजारी शेजारी दोन स्टेज होते. एक बँड थांबला की दुसरा तिथूनच उचलून धरी, म्हणजे नाच तुटत नसे. आणि काळे-गोरे एकाच जमिनीवर नाचत. तिथून जवळच कॉटन क्लब होता, जिथे ड्यूक एलिंग्टनसारखे काळे वादक वाजवत, पण समोर बसायला गोऱ्यांनाच परवानगी. दोन्हींमध्ये चालत जाण्याइतकंच अंतर, हे तिथे उभं राहिल्यावर फार टोचलं.

एलिंग्टनवरून आठवलं, त्याचा ड्रमर सनी ग्रीअर याला विसरू नका. घंटा, टिंपनी, गाँग, व्हायब्राफोन, देवळाचा गाभारा वाटावा एवढा संच.

---

पारिजात

हेडफोन लावून ऐकलं. सापडला! डावीकडे-उजवीकडे कुठे नाही, सगळ्याच्या वर. एकदा सापडल्यावर आता दुसरं काही ऐकूच येत नाही. आई विचारत होती, एकच गाणं किती वेळा लावतेस.

एक प्रश्न. या सगळ्यांत बाई कोणीच नव्हती का?

---

अनवट

होत्या, आणि चांगल्या होत्या. व्हायोला स्मिथ शोधा. विस्कॉन्सिनच्या बहिणी-बहिणींच्या बँडमधून आलेली. पुढे कोकेट्स नावाच्या बायकांच्या बँडमध्ये वाजवायची. तिच्या संचात खांद्याच्या उंचीवर दोन्ही बाजूंना टॉम लावलेले असत, डोक्याच्या रेषेत. १९४२ मध्ये पुरुष वादक सैन्यात जाऊ लागले तेव्हा तिने 'डाउनबीट' मासिकात लेख लिहून ठणकावलं की आता तरी बँडमध्ये बायकांना जागा द्या. २०२० साली वारली, १०७ व्या वर्षी. पॉलिन ब्रॅडीही ऐका, इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम या बँडची. जिम क्रोच्या, म्हणजे वर्णभेदी कायद्यांच्या, अमेरिकन दक्षिणेत बसमध्येच झोपत-जेवत फिरलेल्या या मुली.

---

चौथीमात्रा

सिड कॅटलेटवर कोणी लिहीना, म्हणून मीच लिहितो. माझा सगळ्यांत लाडका.

धिप्पाड माणूस, 'बिग सिड' म्हणत. लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवला, गुडमनबरोबर वाजवला. १९४५ मध्ये सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी यांनी बीबॉप या नव्या धाटणीच्या जॅझची मुद्रणं केली तेव्हा 'सॉल्ट पीनट्स'वर ड्रमला हाच. जुनी मंडळी नव्या संगीताला नाकं मुरडत होती आणि नवी मंडळी जुन्यांना. कॅटलेट दोन्ही घरांत पंगतीला बसत होता. कारण तो जाई तिथे आधी समोरच्याला ऐके. मागे झांजा बदले, क्लॅरिनेटला एक, ट्रम्पेटला दुसरी, पियानोला ब्रश (काठीऐवजी तारांचा कुंचला).

३० नोव्हेंबर १९४७ ला बॉस्टनच्या सिम्फनी हॉलमध्ये आर्मस्ट्राँगबरोबर 'स्टेक फेस' वाजवलं, ते ऐकाच. त्यात त्याचा एकल तुकडा आहे. चालीचा आराखडा सोडत नाही. तुम्ही मनात चाल गुणगुणत राहा, तो बरोबर तुमच्याबरोबर समेवर येतो. आणि मध्येच थांबतो. त्या थांबण्यात प्रेक्षक हसतात, टाळ्या वाजवतात, म्हणजे गप्प राहूनही तो त्यांच्याशी बोलत असतो. १९५१ मध्ये शिकागोत एका कार्यक्रमाच्या वेळी स्टेजमागेच हृदयविकाराने गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी.

कॅटलेट आणि जो जोन्स दोघांनाही डोळ्यांनी पाहायचं असेल तर १९४४ चा 'जॅमिन' द ब्लूज' हा दहा मिनिटांचा लघुपट आहे. जोन्सचा हसरा चेहरा बघा. तो तरुणपणी फिरत्या तमाशांच्या कंपन्यांत नाचायचा, ते त्याच्या मनगटात उतरलंय. एरवी लोकांना त्याची एकच गोष्ट माहीत असते, वाजवताना चुकलेल्या कोवळ्या चार्ली पार्करच्या पायाशी झांज फेकल्याची. मला त्याचं वाईट वाटतं.

---

जुनी तबकडी

+१. बडी रिचचं नाव अजून कसं आलं नाही? दीड-दोन वर्षांचा असल्यापासून स्टेजवर, आणि हातांचा वेग असा की आजही तोड नाही. पण या धाग्यात ज्या गोष्टीचं कौतुक चाललंय, मागे राहून उचलून धरणं, ते मला त्याच्यापेक्षा डेव्ह टफमध्ये जास्त सापडतं. टफला एकल वाजवायला आवडतच नसे. वुडी हर्मनच्या बँडमधली त्याची १९४५ ची मुद्रणं ऐका.

---

लयवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर तुम्ही सांगितलेलं एकेक ऐकत होतो.

अनवट, मी माझे शब्द मागे घेतो. कार्नेगीचं ऐकलं, स्टेसीचा पियानो सुरू झाल्यावर अंगावर काटा आला. पण मला खरं पटलं ते त्याच्याही आधीच्या एका मुद्रणाने. १९३५ च्या जुलैत गुडमन, काळा पियानोवाला टेडी विल्सन आणि क्रूपा या तिघांनीच वाजवलेलं 'बॉडी अँड सोल'. बास नाही, गिटार नाही. काळा आणि गोरा वादक एकत्र बसणं तेव्हा सोपं नव्हतं, आणि ते बसलेत ते इतक्या निवांतपणे! काठ्या नाहीत, टॉम नाहीत, केस विस्कटणं नाही. क्रूपा फक्त ब्रश घेऊन बसलाय. बास नसल्यामुळे सगळा भार त्याच्यावर आणि विल्सनच्या डाव्या हातावर आहे, आणि क्लॅरिनेटला ते जाणवतही नाही.

चौथीमात्रा, मला असं ऐकू येतंय की एक ब्रश स्नेअरवरून उचलतच नाहीये, गोल गोल फिरतोय, आणि दुसरा वर वर टिपतोय. बरोबर आहे का?

---

चौथीमात्रा

बरोबर. डावा गोल फिरतो, भाकरी थापताना पीठ फिरवतात तसा, आणि प्रत्येक फेऱ्याला एका मात्रेवर किंचित दाब येतो. उजवा टिपतो. आता तेच पुन्हा लावा आणि उजव्या पायाकडे कान द्या. खूप खाली आहे, पण आहे.